रिगवरची भाषा: यातल्या नेमक्या कुठल्या शब्दाला घाबरायचं?

निवांत_मावशी

नमस्कार मंडळी,

माझा भाचा जिऑलॉजी करून नुकताच मुंबई हायच्या तेलक्षेत्रात विहीर खोदणाऱ्या एका रिगवर मड लॉगर म्हणून लागला आहे. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. रेंज मिळाली की घरच्या ग्रुपवर एखादी ओळ टाकतो आणि त्या ओळीवर इथे दोन दिवस परिसंवाद चालतो. काही नमुने:

"आज दिवसभर ट्रिपिंग."
"फिशिंग चालू आहे, त्यामुळे मला काम नाही."
"काल किक आली होती. वेल बंद केली, सर्क्युलेट करून काढली. आता ओके."
"टोटल लॉस. पण काळजी नको."

या शेवटच्या ओळीनंतर ताईने देव पाण्यात ठेवले आणि भाऊजींनी कंपनीच्या शेअरचा भाव बघितला. फिशिंगबद्दल आजींचं म्हणणं एवढंच, की श्रावणात तरी नको.

त्याला विचारलं तर म्हणतो, घरी आल्यावर सांगतो. घरी आला की झोपतो.

इथे तेलक्षेत्रातली माणसं आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे. दोन प्रश्न: हे शब्द म्हणजे नक्की काय? आणि यातलं काय ऐकलं की काळजी करायची आणि काय ऐकून चहा प्यायला जायचं?

रिकामटेकडा

"टोटल लॉस, पण काळजी नको." मला हेच वाक्य म्युच्युअल फंडवाल्याने ऐकवलं होतं. तो रिगवर नव्हता.

जुना_ड्रिलर

ताई, एकेक घेऊ.

ट्रिपिंग म्हणजे विहिरीतला सगळा पाइप वर काढणे किंवा परत खाली सोडणे. बिट, म्हणजे टोकाशी खडक कापणारं पातं, झिजलं, बदलायचं आहे. बिट दोन हजार मीटर खाली. मग पाइपांची अख्खी माळ वर. तीन पाइपांचा एक स्टँड, साधारण अठ्ठावीस मीटर. म्हणजे सत्तरच्या वर स्टँड उघडायचे, डेरिकमध्ये, म्हणजे रिगच्या उंच मनोऱ्यात, उभे करायचे, बिट बदलायचं, आणि तेच सगळं उलट. तेवढ्या वेळात भोक एक इंचही पुढे जात नाही. म्हणून मुलगा कंटाळतो.

फिशिंग म्हणजे विहिरीत पडलेली किंवा तुटलेली वस्तू बाहेर काढणे. पाइप तुटला, बिटचा कोन (दातेरी शंकू) गळला, कोणाचा पाना पडला. जे खाली राहिलं त्याला 'फिश' म्हणायचं. बाहेरून पकडायला ओव्हरशॉट, आतून पकडायला स्पिअर, बारीक लोखंडाला मॅग्नेट किंवा जंक बास्केट. मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर वर सिमेंटचा प्लग टाकून बाजूने नवं भोक, त्याला साइडट्रॅक म्हणतात. आजींना सांगा, पूर्ण शाकाहारी काम आहे. पैसे मात्र पाण्यासारखे जातात.

किकबद्दल रात्री लिहितो. तो एका ओळीचा विषय नाही.

उरणकर

ड्रिलरसाहेब, प्राणी तेवढेच का सांगितलेत? सगळं प्राणिसंग्रहालय येऊ द्या. मंकीबोर्ड, डॉगहाऊस, रॅटहोल, माउसहोल, कॅटवॉक, गूजनेक, आणि आमच्या पाइपलाइनमधला पिग.

जुना_ड्रिलर

मंकीबोर्ड: डेरिकमध्ये उंचावर डेरिकमन उभा राहतो ती फळी. आपल्याकडे त्याला टॉपमन म्हणतात.
डॉगहाऊस: रिग फ्लोअरला लागून असलेली ड्रिलरची खोली.
रॅटहोल: केली, म्हणजे पाइपांना फिरवणारा वरचा चौकोनी दांडा, वापरात नसताना ठेवायचं भोक. माउसहोल: पुढचा जोडायचा पाइप उभा ठेवायचं भोक. पाइप वरूनच फिरवणारी मोटर, टॉप ड्राइव्ह, आल्यापासून केलीची गरज संपली, रॅटहोल नावालाच उरलं.
कॅटवॉक: पाइप जिथून फ्लोअरवर ओढतात तो लांब पट्टा. तिथे कोणी मिरवत नाही.
गूजनेक: स्विव्हेलवरची, म्हणजे फिरत्या पाइपाला वर धरणाऱ्या सांध्यावरची, वाकडी नळी, तिच्यातून मड (ड्रिलिंगचा चिखल) आत शिरतो.
पिग तुम्ही सांगा.

उरणकर

पिग म्हणजे पाइपलाइनच्या आतून दाबाने ढकललेला बोळा. मेण, गाळ, पाणी पुढे लोटत येतो. समुद्रातून येणाऱ्या लाइनच्या या टोकाला पिग रिसीव्हर असतो, तिथे तो काढतात. आता हुशार पिगही आहेत, जाता जाता पाइपची जाडी मोजतात.

आमच्या घरी एकदा मी "पिग उद्या पहाटे पोचेल" असं फोनवर बोललो आणि सासूबाईंनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

कातळखोर

धागा आवडला. मी वेलसाइट जिऑलॉजिस्ट म्हणून बरीच वर्षं काढली, त्यामुळे भाच्याच्या कामाबद्दल लिहितो. घरच्यांना ते कळलं तर त्याच्या ओळी आपोआप कळतील.

ड्रिलिंगमध्ये पाइपातून खाली जो द्रव पंप करतात त्याला मड म्हणतात. पाणी, बेंटोनाइट, पॉलिमर, मीठ, आणि वजन वाढवायला बराइट. या बराइटची घनता पाण्याच्या चौपटीहून जास्त असते. हा मड बिटच्या तोंडातून बाहेर पडतो, कापलेल्या खडकाचा चुरा उचलतो आणि पाइप व भोकाच्या भिंतीमधल्या पोकळीतून वर येतो. वर शेल शेकरच्या जाळ्या थरथरत असतात. चुरा जाळीवर राहतो, मड खाली टाकीत जातो आणि पुन्हा विहिरीत. त्या चुऱ्याला कटिंग्ज म्हणतात, आणि तुमच्या भाच्याचं निम्मं आयुष्य त्या जाळीपाशी पिशवी घेऊन उभं राहण्यात जातं.

गंमत अशी की आत्ता हातात आलेला चुरा आत्ताचा नसतो. खालून वर यायला त्याला अर्धा तास, तास, खोल विहिरीत त्याहून जास्त लागतो. हा लॅग टाइम. पंपाच्या स्ट्रोकवरून तो काढायचा, आणि मगच हा चुरा कुठल्या मीटरचा ते लिहायचं. लॅग चुकला तर खडक चुकीच्या खोलीवर नोंदला जातो आणि पुढचे सगळे निर्णय घसरतात.

मग चुरा धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की चुनखडक लगेच फसफसतो, डोलोमाइट आढेवेढे घेत. मग अतिनील दिव्याखाली. तेल असेल तर कण चमकतो. पण पाइपच्या आट्यांना लावायचं ग्रीससुद्धा चमकतं, आणि नवा मुलगा पहिल्यांदा ते बघून "शो! शो!" (तेल दिसलं!) म्हणून कंपनी मॅनला, म्हणजे रिगवरच्या तेल कंपनीच्या साहेबाला, झोपेतून उठवतो. त्याबद्दल त्याला पुढचे सहा महिने ऐकून घ्यावं लागतं. भाच्याला विचारा.

फिशिंग चालू असताना खोदकाम थांबलेलं असतं, नवा चुरा येत नाही, म्हणून "मला काम नाही".

शब्दप्रभू

माहितीपूर्ण. पण एक खटकलं. वर एकाही प्रतिसादात मराठी संज्ञा नाही. मडला 'वेधनपंक', कटिंग्जना 'खंडचूर्ण', किकला 'प्रतिघात' असं म्हणायला काय हरकत आहे?

जुना_ड्रिलर

हरकत काहीच नाही. फ्लोअरवर माझ्या डावीकडे आसामी, उजवीकडे मल्याळी, वर डेरिकमध्ये पंजाबी. "वेधनपंकाचा प्रतिघात" म्हणेपर्यंत पंक डेरिकच्या टोकाला पोचलेला असेल.

कातळखोर

शब्दप्रभू, भूविज्ञानात मात्र चांगले मराठी शब्द रुळलेले आहेत आणि मी ते वापरतो: भ्रंश, वालुकाश्म, जीवाश्म, स्तर. हे शाळेतून आलेत. रिगचे शब्द शाळेतून आलेले नाहीत, इतकंच.

निवांत_मावशी

किती छान लिहिताय सगळे! शोबद्दल विचारलं. नुसता लाल तोंडाचा इमोजी आला.

ड्रिलरकाका, किकचं राहिलं.

जुना_ड्रिलर

हो. जेवण झालं, बसलो.

खडकाच्या छिद्रांत पाणी, तेल किंवा वायू दाबाखाली असतो. त्याला रोखून धरतो विहिरीतला मडचा स्तंभ. हिशोब सोपा. पाण्याचा हजार मीटरचा स्तंभ तळाशी दर चौरस सेंटिमीटरला साधारण १०० किलो दाब देतो. मड १.२ घनतेचा आणि विहीर २,००० मीटर असेल तर २४० किलो. खडकाचा दाब २२० असेल तर सगळं शांत. २५० निघाला तर खडकातला द्रव विहिरीत शिरायला लागतो. या शिरकावाला किक म्हणतात.

कळते कशी? आत जितका मड पंप करतो त्याहून जास्त बाहेर येतो. टाकीची पातळी वाढते. पंप बंद केला तरी विहीर वाहत राहते. हे दिसलं की चर्चा नाही. ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे विहिरीच्या तोंडावरची मोठी झडप, बंद करायचा, दाब वाचायचे, मड जड करायचा आणि चोकमधून, म्हणजे कमीजास्त उघडता येणाऱ्या झडपेतून, हळूहळू किक बाहेर काढायची. मुलाने जे लिहिलं, "बंद केली, सर्क्युलेट करून काढली", ते अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झालेलं काम आहे.

ट्रिपमध्ये धोका जास्त. पाइप भराभर वर ओढला तर खाली ओढ तयार होते आणि तीच खडकातून द्रव खेचून घेते. याला स्वॅब म्हणतात. शिवाय पाइप काढला तेवढी जागा मडने भरावी लागते. त्यासाठी वेगळी छोटी ट्रिप टँक असते. दहा स्टँड काढले तर विहिरीने अमुक लिटर मड प्यायलाच पाहिजे. कमी प्यायली तर उरलेल्या जागेत कोण आलंय?

म्हणून ताई, किक या शब्दाला घाबरू नका. चांगल्या क्रूला ती कळते आणि ती बाहेर काढता येते.

स्नेहल_स्टाव्हांगर

ड्रिलरकाका, आदर ठेवून असहमत. मी इथे नॉर्वेत किनाऱ्यावरच्या केंद्रातून विहिरींचा डेटा बघते. "किक आली, काढली, ओके" हे घरी सांगताना ठीक आहे, पण किक म्हणजे पहिला अडथळा, म्हणजे मडचा स्तंभ, कोसळला आणि विहीर आता दुसऱ्यावर, म्हणजे ब्लोआउट प्रिव्हेंटरवर, उभी आहे. इथे त्याची रीतसर चौकशी होते. आली आणि गेली असं म्हणून सोडून देत नाहीत.

आणि वायूच्या किकबद्दल एक गोष्ट सुटली. तेल किंवा पाणी शिरलं तर वर येताना त्याचं आकारमान फारसं बदलत नाही. वायूचं तसं नाही. दोनशे वातावरणांच्या दाबाखालचा एक घनमीटर वायू वर पोचेपर्यंत दोनशेच्या आसपास घनमीटर होतो, आणि ही वाढ मुख्यतः शेवटच्या काही शे मीटरमध्ये होते. बराच वेळ काही विशेष दिसत नाही आणि मग सगळं एकदम. म्हणून लवकर कळण्याला एवढी किंमत आहे.

जुना_ड्रिलर

असहमती कुठे आहे? तुम्ही माझंच बोललात, फक्त नॉर्वेच्या पगारात.

स्नेहल_स्टाव्हांगर

:) मान्य. पण "घाबरू नका" हे मान्य नाही.

बोअरवाला_बार्शी

राम राम. आमची बोअरची गाडी हाय. धागा वाचून डोकं खाजवतोय. आमच्याकडं साडेसहा इंची बिट, खाली हातोडा, वर कॉम्प्रेसर. हवा मारायची, चुरा भकाभका वर. मुरूम संपला की केसिंग ठोकायचं, मग काळा पाषाण, मग मांजऱ्या, मधी तांबडा पट्टा, परत पाषाण. तीनशे-चारशे फूट दिवसात. ह्यांना एवढा चिखल घालायची काय गरज? हवेनं भागत नाही का?

जुना_ड्रिलर

दादा, तुमचा हातोडा काळ्या पाषाणात राजा आहे. कोरडा, कठीण, स्वतःच्या पायावर उभा राहणारा खडक. समुद्राखाली मऊ शेल, म्हणजे चिखलापासून झालेला खडक, असते. तिला आधार नसेल तर भिंत ढासळते आणि पाइप अडकतो. शिवाय हवेला वजन नाही. खाली दाबाखालचा वायू लागला तर त्याला धरून ठेवायला हवा काय कामाची? तुम्हाला पाणी लागलं की लोक पेढे वाटतात. आम्हाला न बोलावता काही लागलं की भोंगा वाजतो.

कातळखोर

बोअरवालेदादा, तुम्ही तीन ओळींत दख्खनचा स्तरक्रम सांगितलात. काळा पाषाण म्हणजे लाव्हाच्या थराचा घट्ट मधला भाग. मांजऱ्या म्हणजे थराचा वरचा, वायूच्या बुडबुड्यांनी भोकं पडलेला भाग, त्यात पुढे पांढरी खनिजं भरली. आणि तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात उघड्यावर राहून कुजलेला पृष्ठभाग, रेड बोल. पाणी बहुतेकदा या सांध्यांत आणि भेगांत मिळतं.

रिकामटेकडा

एक भाबडा प्रश्न. महाराष्ट्रभर 'डेक्कन ट्रॅप' आहे, आणि तेलवाले सारखे 'ट्रॅप' शोधत असतात. मग आमच्या जुन्नरच्या शेतात डेरिक का नाही?

कातळखोर

हा प्रश्न मला दर लग्नात विचारला जातो. दोन ट्रॅपांचा एकमेकांशी संबंध नाही. डेक्कन ट्रॅपमधला ट्रॅप म्हणजे पायरी, स्वीडिश शब्दावरून आलेला. घाटातल्या डोंगरांचे टप्पे आठवा. तेलाचा ट्रॅप म्हणजे सापळा: वर सरकणारं तेल अडून राहील अशी खडकांची रचना.

तेलासाठी आधी सेंद्रिय पदार्थ गाडला गेलेला गाळाचा खडक हवा, तो पुरेसा खोल जाऊन तापायला हवा, मग तेल साठवायला सच्छिद्र खडक, वर अभेद्य झाकण आणि सापळा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतलेला लाव्हा यातलं पहिलंच काम करू शकत नाही. मग लाव्हाखाली गाळाचे खडक असतील का? काही भागांत असण्याची शक्यता धरून शोध झालेले आहेत. पण सगळीकडे नाहीत. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठण्याला जी तीन किलोमीटरची प्रायोगिक विहीर खोदली, तिच्यात १,२४७ मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी पायाखडक. मध्ये गाळाचा पत्ता नाही. किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर खोदलेल्या विहिरीत बेसाल्ट साडेतीनशे मीटरच्या आतच संपला होता. म्हणजे लाव्हाची जाडीसुद्धा जागोजागी किती बदलते बघा.

तेव्हा जुन्नरला द्राक्षंच बरी.

चिंचणीकर

इतके दिवस नुसता वाचक होतो, आज खातं उघडलं. कारण कातळखोर यांनी आमच्या गावाचा मान सांगितला नाही!

मुंबईच्या समुद्राखालच्या खडकांच्या बऱ्याच थरांना आपल्याच किनाऱ्यावरच्या गावांची नावं आहेत. खडकाच्या थराला जवळच्या ठिकाणाचं नाव द्यायची रीत आहे आणि भर समुद्रात गाव कुठून आणणार? म्हणून वसई, देवगड, बेलापूर, अलिबाग, पनवेल, रत्नागिरी, वांद्रे, माहीम, आणि सगळ्यात वर, सगळ्यात तरुण, आमची चिंचणी. वसईचं नाव मात्र अजून जुन्या वळणाने 'बॅसीन फॉर्मेशन' असंच लिहितात.

चिंचणी फॉर्मेशन म्हणजे बहुतेक माती आणि चिकणमाती, तेलबिल काही नाही. पण ड्रिलरला आमच्यातूनच खाली जावं लागतं, टोल नाक्यासारखं.

कातळखोर

चिंचणीकर, पाय धरले! बरोबर. मुंबई हायचा मुख्य साठा ज्या थरात आहे त्याला रिगवर 'एल थ्री' म्हणतात, तो आरंभीच्या मायोसीन काळातला चुनखडक, रत्नागिरी फॉर्मेशनमधला. म्हणजे आपलं सगळ्यात मोठं तेल रत्नागिरीत आहे असं म्हटलं तरी चालेल, फक्त आंब्यांनी ऐकायला नको. दीड किलोमीटरच्या आत, म्हणजे जगाच्या मानाने फार खोलही नाही. आणि त्याखालच्या फुटलेल्या पायाखडकातूनही थोडं तेल निघतं.

शेजारच्या क्षेत्रांना मग रत्नांची नावं दिली: हीरा, पन्ना, मुक्ता, नीलम, रत्ना.

जाता जाता, फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने तिथे पहिलं तेल लावलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू. जुन्या एक रुपयाच्या नोटेच्या मागे याच रिगचं चित्र होतं. कोणाकडे असेल तर बघा, पाण्यात पाय रोवून उभी आहे.

आता मावशींच्या "टोटल लॉस"कडे. त्याचं मूळ याच चुनखडकात आहे. तो कधीकाळी समुद्राबाहेर उघडा पडला, पावसाच्या पाण्याने विरघळला, आत पोकळ्या झाल्या. बिट अशा पोकळीत शिरलं की मड तिकडे निघून जातो आणि वर परत येतच नाही. थोडा गेला तर पार्शियल लॉस, काहीच परत आलं नाही तर टोटल लॉस. मग माइका, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा असलं काहीबाही मडमध्ये मिसळून ती भोकं बुजवायची. नाही बुजली तर सिमेंट. चुरा वर येत नसल्यामुळे लॉगर आंधळा होतो. "काळजी नको" त्याने खरं तर स्वतःला लिहिलं असेल.

स्नेहल_स्टाव्हांगर

पण एक जोड द्या. लॉस एकटा येत नाही. मड खाली पोकळीत गेला की विहिरीतली पातळी उतरते, स्तंभ लहान होतो, दाब घटतो, आणि वरचा एखादा वायूचा थर संधी साधतो. वर लॉस, खाली किक किंवा उलट. म्हणून टोटल लॉसमध्ये विहीर वरून पाण्याने भरत राहायची आणि पाणी किती गेलं ते मोजत राहायचं.

निवांत_मावशी

आजचा ताजा संदेश: "थर्टीन थ्री-एट खाली गेलं. आता डब्ल्यूओसी. मस्त झोपलो." कोणी तरी?

जुना_ड्रिलर

तेरा पूर्णांक तीन अष्टमांश इंच व्यासाचं केसिंग, म्हणजे भोकाच्या भिंतीला आधार देणारा पोलादी पाइप. विहीर एकाच मापाची नसते. आधी तीस इंची, मग वीस, मग हे, मग नऊ पाच-अष्टमांश, मग सात. प्रत्येक आधीच्याच्या आतून खाली जातं, दुर्बिणीच्या नळ्यांसारखं. केसिंग बसलं की त्याच्या बाहेरच्या पोकळीत सिमेंट पंप करायचं आणि घट्ट होईपर्यंत हात बांधून बसायचं. ते डब्ल्यूओसी, वेटिंग ऑन सिमेंट.

रिगवर खोली मीटरमध्ये, पाइप इंचात, तेल बॅरलमध्ये. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. का, ते विचारू नका.

उरणकर

मावशी, तुमचा दुसरा प्रश्न सगळे विसरले. मी प्रॉडक्शनकडचा माणूस, म्हणून माझं उत्तर वेगळं. माझ्या मते भीतीचा शब्द ड्रिलिंगमधला नाहीच. तो आहे राइझर.

समुद्रतळावरच्या पाइपलाइनमधून तेल-वायू प्लॅटफॉर्मवर चढवणारा उभा पाइप म्हणजे राइझर. २७ जुलै २००५ला, मुंबईत २६ जुलैचा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, जखमी झालेल्या एका स्वयंपाक्याला उतरवण्यासाठी 'समुद्र सुरक्षा' हे जहाज मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ आलं आणि राइझरवर आदळलं. वायू सुटला, पेटला, आणि अख्खा प्लॅटफॉर्म गेला. २२ माणसं गेली. साडेतीनशेहून जास्त वाचली. कुठलीही किक नव्हती, लॉस नव्हता. फक्त एक जहाज नको तितकं जवळ.

चिंचणीकर

आठवतंय. मुंबईतच सगळे अडकलेले, त्यामुळे ती बातमी दोन दिवस कोणाच्या डोक्यातच शिरली नव्हती.

स्नेहल_स्टाव्हांगर

उरणकर, तुमचं खरं आहे. माझं उत्तर आणखी वेगळं आहे.

२० एप्रिल २०१०, मेक्सिकोच्या आखातातली मकोंडो विहीर. केसिंग बसवून सिमेंट केलेलं होतं. सिमेंट धरतंय का ते बघायला निगेटिव्ह प्रेशर टेस्ट करतात: विहिरीतला दाब मुद्दाम कमी करायचा आणि खालून काही येतंय का ते बघायचं. ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब दिसत राहिला. तो शून्य असायला हवा होता. याचा सरळ अर्थ, खालून दाब येतोय, सिमेंट धरलेलं नाही. पण चर्चेत कोणीतरी म्हणालं, हा 'ब्लॅडर इफेक्ट' आहे, वरच्या जड मडचा परिणाम. मग शेजारच्या दुसऱ्या लाइनवर टेस्ट केली, तिथे प्रवाह दिसला नाही, आणि टेस्ट पास ठरली. त्या रात्री अकरा माणसं गेली आणि विहीर ८७ दिवस समुद्रात ओकत राहिली. नंतर चौकशीत तज्ज्ञांनी सांगितलं की असा इफेक्ट तो दाब समजावू शकतच नाही.

किक, लॉस, फिश हे सगळे शब्द भयानक वाटतात पण ते ऐकल्यावर माणसं जागी होतात आणि प्रत्येकाला पुढे काय करायचं ते ठाऊक असतं. मी डेटा बघताना थांबते ती आकडा जुळत नसताना कोणी त्याला छानसं नाव देऊन पुढे जायला लागलं की.

जुना_ड्रिलर

स्नेहलताई, याला सलाम. मी फ्लोअरवर एवढंच सांगायचो: गेजचं ऐका, गेज खोटं वाटलं तर दुसरं लावा, पण गेजला समजावत बसू नका.

शब्दप्रभू

'प्रतिघात' मागे घेतो. बाकी धागा वाचनखूण म्हणून साठवला आहे.

निवांत_मावशी

ताईला उरणकर आणि स्नेहल यांचे प्रतिसाद दाखवले नाहीत, बाकीचे वाचून दाखवले. देव पाण्यातून बाहेर आले आहेत. भाऊजींचा वेगळाच प्रश्न: तो एवढी झोप काढतो म्हणजे कामचुकार तर नाही?

कातळखोर

बारा तासांची पाळी, त्यातली बरीचशी शेकरच्या आवाजात आणि वाफेत. झोपू द्या. आणि घरी आला की त्याला तीन प्रश्न विचारा: लॅग कसा काढतोस, ट्रिप टँक कोण बघतं, आणि एच-टू-एसचा अलार्म कुठे आहे. तिन्हीची उत्तरं पटकन दिली तर मुलगा कामाचा आहे.

निवांत_मावशी

एच-टू-एस म्हणजे?

कातळखोर

हायड्रोजन सल्फाइड. कमी प्रमाणात सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच मरते, वास येणं थांबतं. म्हणून नाकावर विसंबायचं नाही, डिटेक्टरवर. गोव्यात बेतुलला ओएनजीसीची सुरक्षेचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे. अशा ठिकाणी हेच सगळं घोटून घेतात.

बोअरवाला_बार्शी

एक इचारायचं राहिलं. ते वापरलेलं बिट भंगारात मिळतं का कुठं? पीडीसी का काय म्हणत्यात ते. हिऱ्याचं असतंय म्हणं. आमच्या गाडीला लावलं तर पाषाण लोण्यासारखा कापंल.

जुना_ड्रिलर

दादा, नका घेऊ. एक तर आटे जुळणार नाहीत. दुसरं, पीडीसी बिट खडकाला खरवडतं, ठोकत नाही. मऊ शेल, चुनखडक यात पळतं. तुमच्या हातोड्याचा दणका त्या कृत्रिम हिऱ्यांच्या चकत्यांना सोसणार नाही, काळ्या पाषाणावर पहिल्या फुटातच टवके उडतील. तुमचं टंगस्टन कार्बाइडचं बटन बिटच बरोबर आहे. झिजलं की बटणं ग्राइंड करून घ्या, नवं घ्यायची घाई नको.

बोअरवाला_बार्शी

बरं झालं इचारलं. एक जण वीस हजाराला देत होता.

रिकामटेकडा

त्याचा नंबर द्या. भाऊबीजेला बायकोच्या भावाला द्यायला हिरा हवाच होता.